आईनं ऐकलेलं नाव

एर्लांगेन (जर्मनी), १२ जानेवारी २०२५

प्रिय यश,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र न फोडता ठेवून देणार, हे मला माहीत आहे. तरी लिहितेय. व्हॉट्सअ‍ॅपवर तू मला ब्लॉक केलंस त्याला साडेतीन वर्षं होऊन गेली. पोस्टमनला ब्लॉक करण्याची सोय अजून ओहायोत निघाली नसावी. पत्ता मुक्तानं दिला. तिच्यावर चिडू नकोस, तिला सातवा महिना चालू आहे.

तिनंच नाताळात मेसेज केला. मुलगी आहे आणि एप्रिलच्या मध्यावर येईल, म्हणाली. आणि मग अडखळत पुढे लिहिलं होतं, “ताई, हे म्हणतात की या वेळी नाव आम्ही दोघंच ठेवू. बारसं वगैरे नको.” तू हे तिच्याकडून वदवून घेतलंस की ती आपणहून बोलली, ते मी विचारलं नाही. मी फक्त अभिनंदन लिहिलं आणि लॅबमध्ये जाऊन दिवसभर एकाच स्कॅनकडे बघत बसले.

म्हणून सरळच सांगते, आडून आडून बोलायला मला कधी जमलं नाही. मला तिचं नाव ठेवायचंय. मी तिची एकुलती एक आत्या आहे. आपल्याकडे त्रिसरण-पंचशील झालं की पुढचं काम आत्याचंच असतं. पाळण्यात वाकायचं, बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि मागून बायकांचे धपाटे खायचे. पहिल्या वेळी ते धपाटे मला मिळाले नाहीत, आणि त्यात चूक माझीच होती. हे मी चार वर्षांत पहिल्यांदा लिहितेय, तेवढं तरी लक्षात घे.

पण सगळी चूक माझी नव्हती. तूच फोनवर म्हणाला होतास, “ताई, आता कोव्हेंट्री, पुढच्या वर्षी अमेरिका. असं नाव शोध की दोन्हीकडे कुणी पोरीला हसणार नाही.” तू ऑफिसात यशपालचा ‘यॅश’ होऊन बसला होतास, तुझं दुखणं मला समजत होतं. मी काम अंगावर घेतलं आणि माझ्या पद्धतीनं केलं. दोन्ही देशांची सरकारं दरवर्षी बाळांच्या नावांच्या याद्या काढतात. मी त्या उतरवून घेतल्या आणि शेजारी शेजारी लावल्या. तू त्याला पुढे ‘तुझं ते एक्सेल’ म्हणालास, ते तू कशा आवाजात म्हणालास तेही मला आठवतं.

खरं सांगू, मला त्या याद्या आवडायला लागल्या होत्या. भाषा एकच, पण नावं ठेवायची तऱ्हा दोन टोकांची. ब्रिटनमधले लोक लाडाचं नाव थेट कागदावरच चढवतात. आल्फी, आर्ची, फ्रेडी. हा आर्ची उद्या न्यायाधीश झाला तरी आर्चीच. मुलींना पणजीची नावं परत काढलीत, फ्लॉरेन्स, एल्सी. आणि अमेरिकेत पोराला चक्क आडनाव चिकटवतात. मेसन, कार्टर, हडसन. म्हणजे आपल्या भाषेत गवंडी आणि गाडीवान. पॉपी तिकडे घरोघरी आणि इकडे शोधावी लागते. आपल्या पोरीला या दोन डगरींवर पाय ठेवून उभं राहायचं होतं, म्हणून मी इतकं बारकाईनं बघत होते. अमेरिकेची नवी यादी मे महिन्यात येते. ती बघून मग ठरवू, एवढंच माझं म्हणणं होतं.

तेवढ्यात आई गेली.

माझं चुकलं ते एवढंच, की मी फार नीट काम करायला गेले. या वेळी एका दिवसात नाव सांगेन. यादी उघडणार नाही. तू फक्त हो म्हण.

तुझी ताई


एर्लांगेन, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय यश,

उत्तर नाही. मुक्ता म्हणाली की पत्र तू वाचलंस, घडी घातलीस आणि मुलीच्या चित्रांच्या खणात ठेवलंस. फेकलं नाहीस हेच खूप आहे.

मागच्या पत्रात मी स्वतःची फार बाजू घेतली. दुसऱ्या दिवशी सायकलवरून ऑफिसला जाताना माझी मलाच लाज वाटली. तुला आठवत नसेल किंवा आठवतही असेल, म्हणून तारखा लिहिते. तुझी मुलगी २०२१ च्या तीन मे रोजी झाली. अमेरिकेची यादी त्याच आठवड्यात आली. म्हणजे माझी सबब तिथेच संपली होती. इंग्लंडात बाळाची नोंद बेचाळीस दिवसांत करावी लागते, तो शेवटचा दिवस चौदा जून. आई अकोल्याच्या हॉस्पिटलात वीस मेपासून. आणि नऊ जूनला ती गेली.

म्हणजे वीस दिवस ती रोज विचारत होती. आधी तुला, मग मला. तुला विचारलं की तू म्हणायचास, ताई ठरवतेय. मला विचारलं की मी म्हणायचे, दोन दिवसांत सांगते. नागेशमामा हॉस्पिटलच्या बाहेर रिक्षात बसून मला फोन करायचे. ते आयुष्यात माझ्याशी कधी वरच्या आवाजात बोलले नव्हते, पण त्या शेवटच्या आठवड्यात म्हणाले, “पोरी, कायबी ठेव. सोनी ठेव, बेबी ठेव. तिला ऐकू दे.”

आपल्या घरात नाव म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको. आजोबांचं नाव कचरू होतं. ते त्यांच्या आईनं दृष्ट लागू नये म्हणून ठेवलं, की गावानं ठेवायला लावलं, हे बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही. बाबा शाळेत क्लार्क झाले. दर जूनमध्ये नव्या मुलांची नावं रजिस्टरात लिहिताना ते सगळी नावं आधी स्वतःशी म्हणून बघायचे. माझं नाव ठेवायला त्यांना महिना लागला आणि तुझं ठेवायला दीड. आई थट्टा करायची की लग्न जमवायला याच्या निम्मा वेळ लागला होता. तेव्हा नावाला वेळ लावणं हा आपल्या घरात गुन्हा नव्हता. आईला मरताना नाव न सांगणं हा होता.

चौदा जूनला तू एकट्यानं जाऊन मुलीची नोंद केलीस. द्रौपदी. आईचं नाव. मला ते मुक्ताच्या स्टेटसवरून कळलं. मुक्ता म्हणते की आता शाळेत तिला ‘ड्रू’ म्हणतात आणि ती दोन्ही नावांना ओ देते. त्या वर्षाची इंग्लंडची यादी आली तेव्हा मी त्यात द्रौपदी शोधलं. नव्हतं. त्या यादीत तीनपेक्षा कमी बाळांची नावं घेत नाहीत, अमेरिकेच्या यादीत पाचपेक्षा कमी असतील तर नाहीत. एकटी असेल तर ती मोजली जात नाही.

आईला निरोप दिला त्या दिवशी तू जे बोललास ते मी तुला परत बोलून दाखवणार नव्हते, पण ते मध्ये ठेवून मला पुढचं लिहिता येत नाही. आईचे विधी आपण दोघांनी आपापल्या घरात बसून फोनवर बघितले. विमानं बंद होती, तुझं बाळ महिन्याचं होतं. संध्याकाळी तू व्हिडिओ कॉल केलास आणि म्हणालास, “तुला मूल नाही, ताई. घरात बिननावाचं पोर असणं म्हणजे काय, ते तुला काय कळणार?”

मी कॉल कट केला. तू समजलास की मी चिडले.

आज इतकंच. हात दुखतो, पेनानं लिहायची सवय गेलीय.

ताई


एर्लांगेन, २ मार्च २०२५

यश,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. नंतर काय करायचं ते कर.

परवा इथल्या स्मशानभूमीच्या कार्यालयाचं पत्र आलं. जर्मनीत कबरीची जागा कायमची नसते. ठराविक वर्षांसाठी देतात, मुदत संपली की विचारतात, वाढवायची आहे का. अत्यंत सभ्य पत्र होतं. सगळी अशी पत्रं इथे सभ्यच असतात. माझ्याकडच्या जागेला दहा वर्षं झाली, असं त्यात लिहिलं होतं, आणि खाली माझ्या मुलीचं नाव टाइप केलेलं होतं.

मला मुलगी झाली होती, यश. ऑक्टोबर २०१४ मध्ये. बाविसाव्या आठवड्यात झाली आणि तिनं श्वास घेतला नाही. चारशे तीस ग्रॅम वजन होतं. त्या वर्षी जुलैत बाबा गेले होते. आई तेव्हा जेवत नव्हती, बोलत नव्हती. मी आणि सत्यजितनं ठरवलं की आई जरा सावरली की सांगू, नातवंडाच्या बातमीनं ती उठून बसेल. मी दर आठवड्याला ठरवायचे आणि पुढच्या आठवड्यावर ढकलायचे. मग सांगायला काही उरलंच नाही. सत्यजित चांगला माणूस होता, तुम्हाला मी सांगितलं की आमचं जमलं नाही. जमत होतं. पण आम्ही एकमेकांकडे बघितलं की आम्हाला तीच आठवायची, आणि दोन वर्षांनी तो म्युनिकला निघून गेला. तुम्ही सगळे म्हणालात की उत्कर्षाला करिअर पाहिजे, मूल नको. मी ते म्हणू दिलं. ते सोपं होतं.

इतक्या लहान बाळाचीही इथे नोंद करता येते, आईवडिलांना हवी असेल तर. मी श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयात, एकटी गेले. टेबलामागच्या बाईनं विचारलं, नाव द्यायचं आहे का. मी म्हटलं, माया. बुद्धाच्या आईचं नाव. तिनं लिहिलं, माझ्याकडे कागद फिरवून दाखवला आणि विचारलं, असंच ना? मी म्हटलं, गेनाऊ, अगदी असंच. माझ्या मुलीच्या बारशाला तेवढीच माणसं होती. तिच्या मामाला कुणी बोलावलं नाही. तू तेव्हा पुण्यात पहिल्या नोकरीवर होतास, मला रोज बाइकचे फोटो पाठवायचास. तू मामा झाला होतास आणि तुला कुणी सांगितलं नाही, याची मी तुझी माफी मागते.

आता ते एक्सेल. काम एका संध्याकाळचंच होतं. मी अट घातली होती की नाव आपलं हवं, दोन्ही देशांत पहिल्या शंभरात हवं आणि आपल्या अकोल्याच्या शेजारणीलाही नीट म्हणता यायला हवं. गाळत गाळत गेले आणि खाली नाव उरलं, माया. ब्रिटनमध्येही आहे, अमेरिकेतही आहे, जर्मनीत तर आहेच. मी लॅपटॉप बंद केला. दुसऱ्या दिवशी अटी बदलल्या. पहिली शंभर नावं पुरत नाहीत म्हणून पाचशे घेतली, जुनी वर्षं घेतली, स्कॉटलंड वेगळं घेतलं. दुसरं कुठलंही नाव हाताशी आलं की मी त्यात खोट काढायचे. रिया फार झाल्यात, आन्या रशियन वाटतं, किरा कठोर. खोट कुठल्याच नावात नव्हती. मला तुझ्या पोरीला नाव ठेवताच येत नव्हतं, कारण मी एकदाच नाव ठेवलं होतं आणि ते संपलं होतं. हे तुला सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणून मी यादीच्या मागे लपले, आणि तिकडे आई वाट बघत राहिली.

हे सगळं कळल्यावर तू कदाचित मला माफ करशील, म्हणून मी हे पत्र इथेच संपवणार होते. दोन दिवस ते टेबलावर तसंच पडून होतं. पण अजून एक आहे, आणि ते जास्त वाईट आहे.

आई नाव न ऐकता गेली नाही.

आठ जूनला दुपारी हॉस्पिटलातल्या नर्सनं मला फोन लावून दिला. कोव्हिडमुळे मामांना आत सोडत नव्हते, नर्सनंच फोन आईच्या कानाशी धरला होता. आईचा आवाज इतका बारीक होता की मी खिडकी बंद केली. ती म्हणाली, “ठेवलं का वं नाव?” मी म्हटलं, ठेवलं, आई. “काय?” आणि मी म्हटलं, “माया.”

मी ठरवून म्हटलं नाही. तिनं मुलीचं नाव विचारलं आणि माझ्या तोंडून माझ्या मुलीचं नाव आलं. आई म्हणाली, माया. मग परत म्हणाली. मग म्हणाली, “बुद्धाची माय. चांगलं ठेवलं.” आणि थोड्या वेळानं अजून एकदा, हाक मारल्यासारखं. मग नर्सनं फोन घेतला.

मला वाटलं, उद्या आईला सगळं नीट सांगू. दुसऱ्या दिवशी पहाटे मामांचा फोन आला.

त्यानंतर मला तुला फक्त एक वाक्य सांगायचं होतं, की आईनं नाव ऐकलं, शांतपणे गेली. तू लगेच ते नाव ठेवलं असतंस. म्हणून मी सांगितलं नाही. आई तळमळत गेली असं तुला वाटत राहिलं, आणि मी ते वाटू दिलं, तीन वर्षं नऊ महिने. ते नाव माझ्याकडे राहावं म्हणून. तू मला मूल नाही म्हणालास ते तुला माहीत नव्हतं म्हणून म्हणालास. मी जे केलं ते सगळं माहीत असून केलं.

कबरीची मुदत मी वाढवलीय. फॉर्मवर विचारलं होतं की तुमच्यानंतर कुणाला कळवायचं. मी तुला न विचारता तुझं नाव लिहिलं आणि नात्याच्या रकान्यात मामा. कंसात जर्मनमध्येही लिहिलं, नाहीतर परत पत्र यायचं.

उत्कर्षा


एर्लांगेन, ३० मार्च २०२५

यश,

चार आठवडे झाले. मुक्तालाही मेसेज केला नाही, तिला मध्ये घालणं बरं नाही.

मी पहिल्या पत्रात नाव ठेवायचा हक्क मागितला होता. तो मी मागे घेते. तुम्ही दोघांनी ठेवा. तिची तब्येत चांगली राहू दे आणि मुक्ताचं सगळं नीट पार पडू दे. पोरीचं नाव काय ठेवलंत तेवढं कळव, कळवावंसं वाटलं तर.

ताई


एर्लांगेन, १२ एप्रिल २०२५

प्रिय यश,

हे पत्र लिहून मी त्याचा फोटो काढून तुला पाठवणार आहे, कारण पोस्टानं दहा दिवस लागतात आणि तुमच्या हॉस्पिटलवाल्यांना सोमवारी नावाचा फॉर्म हवाय. फोनवर मला बोलता आलं नाही, ते तू ऐकलंसच. आपण दोघं मिळून अर्धा तास रडलो आणि त्यात कामाचं एकच वाक्य झालं.

काल फोनवर तुझा नंबर दिसला तेव्हा मी बाजारात शतावरीची, म्हणजे अ‍ॅस्परॅगसची, भाजी घेत होते. इथे एप्रिलमध्ये सगळं गाव तीच घेतं. पिशवी तिथेच सोडून आले.  तू म्हणालास की मुलगी झाली, तीन किलो दोनशे, मुक्ता ठीक आहे. मग म्हणालास की माझं पत्र वाचल्यावर तुला पहिल्यांदा राग आला, इतका की तू गाडी काढून दोन तास कुठेतरी गेलास. आईला उपाशी वाटेला लावल्यासारखं वाटायचं तुला, दर वर्षी नऊ जूनला तू जेवायचा नाहीस. हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी आधी बोलले असते, असं म्हणायचा मोह होतोय, पण खरं तर मला खात्री नाही.

आणि मग तू विचारलंस, “ताई, माया ठेवू? आईनं तेच ऐकलंय. मी दुसरं कुठलं कसं ठेवू?”

किती हळू विचारलंस तू. तू लहान असताना माझ्या कंपासमधली पट्टी मागायचास, तसं. मी हो म्हणाले असते तर सगळं एका झटक्यात बरं झालं असतं. आईचं ऐकणं खरं झालं असतं, तुझी नऊ जून सुटली असती, मला धपाटे मिळाले असते. मी काल रात्रीपासून हेच उलटसुलट करून बघतेय.

नको, यश. ते नाव मी देऊ शकत नाही.

जगात हजारो माया आहेत, मीच त्यांचे आकडे लावले होते. त्यातली एकही मला खुपत नाही. माझ्या लॅबमध्येच एक आहे, रोज तिला हाक मारते. पण आपल्या घरात माया झाली की पहिली जाईल. तुम्ही फोटो पाठवाल, माया रांगली, माया चालली, मायाला दात आला. मी आनंदानं बघेन. आणि वर्षभरात मी स्वतः माया म्हटलं की मला तुझी मुलगी दिसेल. मला तिची भीती वाटते असं नाही. मला माझी भीती वाटते. माझ्या मुलीकडे दुसरं काहीच नाही. फोटो नाही, आवाज नाही, वाढदिवस नाही. आजीनं तिला तीनदा नावानं हाक मारली, तेवढंच तिला मिळालं. आईला माहीत नव्हतं की ती कुणाला हाक मारतेय. मला माहीत आहे.

हा स्वार्थ आहे, असं तू म्हणशील. आहे. आईच्या बाबतीत मी जो केला तो लपवून केला, हा तुला तोंडावर सांगून करतेय.

पण आत्या म्हणून नाव विचारलंस तर आहे. आज सकाळी चहा ठेवताना आलं. ओवी. आई तांदूळ निवडताना गुणगुणायची ना, तिच्या आईकडून आलेल्या जात्यावरच्या ओव्या, बाबासाहेबांच्या. बाबा म्हणायचे, तांदळात खडे राहतात ते हिच्या गाण्यामुळे. मी यादी उघडली नाही. ओहायोत त्याचं काय होईल मला माहीत नाही. तू एकदा दोघींना शेजारी उभं करून मोठ्यानं म्हणून बघ, द्रौपदी आणि ओवी. तुझ्या तोंडात बसलं नाही तर बदल, मी रुसणार नाही. फॉर्मवर काहीही लिही, फक्त सोमवारच्या आत लिही. आपल्या घरात पुन्हा कुणी वाट बघत राहायला नको.

जूनमध्ये सुट्टी टाकलीय. मुक्ताला म्हणावं, बारसं तेव्हा केलं तरी चालतं. माझ्या वाटणीचे धपाटे दोघींचे मिळून घेईन. द्रौपदीच्याही वाटचे, तिच्या कानात तिचं नाव कुणी सांगितलंच नाही.

आणि एक कर. द्रौपदी आता चार वर्षांची होईल, तिला समजेल. तिला सांग की तुला एक आतेबहीण होती, तुझ्याहून साडेसहा वर्षांनी मोठी, जर्मनीत. ती विचारेल ती कुठे आहे, तेही सांग. मग ती नाव विचारेल, मुलं विचारतातच. ते सांगताना तू मोठ्यानं सांग, कारण मामाच्या तोंडून ते अजून निघालेलं नाही.

नागेशमामांना फोन करशील तेव्हा त्यांनाही सांग. ते विचारतील, द्रौपदीबाईला आता नाती दोन झाल्या ना?

तीन म्हण.

तुझी,
ताई